लहान मुलांची ऑनलाइन सुरक्षितता: नियमांच्या आधी सांगायची वाट

तुमची मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाच वर्षांचा. मुलगी टॅबवर एक गेम खेळते. त्यात रोज भेटणाऱ्या एका ‘मित्रा’नं तिच्याकडे फोटो मागितला. तिनं तो दिला नाही, पण घरी काही बोललीही नाही. चार दिवसांनी तिच्या मावसबहिणीकडून तुम्हाला कळलं आणि तिच्या बाबांनी त्याच संध्याकाळी टॅब कपाटात ठेवून दिला. आता तुम्ही विचारताय की दोन्ही मुलांना न घाबरवता हे कसं आणि किती शिकवायचं, आणि देखरेखीचं एखादं ॲप टाकलं तर पुरेल का. मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. लहान वर्गांतली मुलं आणि त्यांचे पालक यांच्याशी याच विषयावर बोलण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी टॅबचं. तो मुलीला परत द्या.

रोज गोड बोलणाऱ्या, खेळात मदत करणाऱ्या माणसाला आठ वर्षांच्या मुलीनं नाही म्हणणं ही लहान गोष्ट नाही. तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. तिच्या बाजूनं पाहिलं तर घडलं ते एवढंच: गोष्ट मोठ्यांच्या कानावर गेली आणि टॅब गेला. आता पुढच्या वेळी ती मावसबहिणीलाही सांगणार नाही. बाबांनी काळजीपोटीच केलं, यात शंका नाही. भीती वाटली की आपला हात पहिल्यांदा त्या वस्तूवरच पडतो. पण टॅब कपाटात गेला तरी तो माणूस जिथे होता तिथेच आहे, गप्प झाली ती तुमची मुलगी.

टॅब परत देण्याआधी तुम्ही दोघांनी एक काम उरका. त्या खात्याचं नाव, त्याच्याशी झालेलं बोलणं, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. ते घेतल्यावरच गेममध्ये तक्रार नोंदवा आणि खातं ब्लॉक करा. क्रम उलटा झाला तर काही ॲपमध्ये ब्लॉक करताच बोलणं दिसेनासं होतं. मुलगी असल्याचं भासवून त्या माणसाशी बोलत राहू नका, त्याला पकडायचं काम आपलं नाही. त्यानं कपडे काढलेला फोटो मागितला असेल, धमकी दिली असेल किंवा भेटायला बोलावलं असेल तर थेट पोलिसांकडे जा. मग गेममधलं चॅट बंद करा, किंवा तुम्ही प्रत्यक्ष ओळखता अशा मुलांपुरतं ठेवा.

मग टॅब तिच्या हातात देताना शक्यतो बाबांनीच बोलावं. “त्या दिवशी मी घाबरलो होतो, म्हणून टॅब ठेवून दिला. तू काही चुकीचं केलं नव्हतंस. फोटो दिला नाहीस ते अगदी बरोबर केलंस. पुन्हा असं काही झालं तर लगेच आम्हाला सांग. सांगितलंस म्हणून टॅब जाणार नाही.” यातलं शेवटचं वाक्य म्हणजे वचन आहे आणि ते पाळावं लागेल. वेळेचे नियम, जागेचे नियम वेगळे, ते मोडले तर टॅब मिळणार नाही हे ठीकच. पण सांगितल्याची शिक्षा कधीच नाही. घरात एकच नियम ठेवायचा झाला तर मी हा ठेवीन.

मुलं का सांगत नाहीत, याची कारणं मला वर्गांमध्ये पुन्हा पुन्हा तीच ऐकू येतात. टॅब जाईल. आई रागावेल. ‘अनोळखी माणसाशी बोलायचं नाही’ हा नियम आपणच मोडला, म्हणजे चूक आपलीच. त्या मित्राला शिक्षा होईल. आणि लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक कारण असतं, जे आपल्या ध्यानात येत नाही: जे झालं ते सांगायला त्यांच्याकडे शब्दच नसतात. काहीतरी विचित्र वाटलं, पोटात गोळा आला, छातीत धडधडलं, हात गार पडले, एवढंच त्यांना कळलेलं असतं. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाला धोक्याची व्याख्या शिकवण्यापेक्षा शरीराची ही खूण ओळखायला शिकवणं जास्त उपयोगी. “टॅब बघताना पोटात कसंतरी झालं की आईला हाक मार. का झालं ते माहीत नसलं तरी चालेल.” कारण सांगता आलं तरच तक्रार करता येते, असं मुलांना वाटत असतं. ती अट आपण काढून टाकायची.

आणखी एक निरीक्षण आहे. मूल मोठी गोष्ट एकदम सांगत नाही. आधी लहानशी सांगून पाहतं, आणि तीही बहुतेकदा भलत्याच वेळी, तुम्ही घाईत असताना किंवा झोपायला जाताना. “आई, गेममध्ये एक जण वाईट बोलतो.” ही चाचपणी असते. त्यावर तुमचा चेहरा कसा होतो, आवाज चढतो का, बाबांना लगेच हाक मारता का, हे सगळं ते बघत असतं. “कोण? कधी? तू का बोललीस त्याच्याशी?” अशी सरबत्ती झाली की मूल “काही नाही, असंच” म्हणून मागे फिरतं. त्या क्षणी एवढंच म्हणा: “सांगितलंस ते बरं झालं. पुढे काय झालं?” आणि थांबा. मनात काहूर माजलं असलं तरी ते थोडा वेळ बाजूला ठेवा, कारण बाकीची गोष्ट त्या शांततेतच बाहेर येते.

आता ‘अनोळखी’ या कल्पनेविषयी. अनोळखी माणसाचं चित्र काढायला सांगितलं तर लहान मुलं बहुतेक वेळा भयानक चेहरा, काळे कपडे, मोठा चष्मा असलेला पुरुष काढतात. गेममध्ये आठवडाभर आपल्यासोबत घर बांधणारा, आपल्याला अडलेली पातळी पार करून देणारा ‘ड्रॅगन’ नावाचा खेळाडू त्या चित्रात बसत नाही. तीन दिवसांत तो मित्र झालेला असतो. म्हणून ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ हा नियम मुलांनी मोडलेला असतो, पण आपण तो मोडला हे त्यांना ठाऊक नसतं. शिवाय मुलांना त्रास देणारी माणसं पुष्कळदा ओळखीतलीच असतात, आणि त्यांच्यापुढे हा नियम कामालाच येत नाही.

मी मुलांना माणूस ओळखायला शिकवत नाही, वागणं ओळखायला शिकवते. मुलांशी वाईट हेतूनं जवळीक करणाऱ्यांची वाट बरीच ठरलेली असते. आधी कौतुक आणि मदत. मग गेममधली नाणी किंवा एखादी भेट. मग वय, शाळा, घरी कोण कोण असतं याची चौकशी, आणि हळूच “आत्ता खोलीत आणखी कुणी आहे का?” मग “इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू”, कारण तिथे देखरेख कमी. मग फोटो किंवा व्हिडिओ कॉल. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत “आईला सांगू नकोस”. आठ वर्षांच्या मुलीला हे सगळं सांगायची गरज नाही, त्यातल्या चार मागण्या पुरतात: कुणी गुपित ठेवायला सांगितलं, फोटो किंवा व्हिडिओ मागितला, दुसऱ्या ॲपवर बोलावलं, किंवा मोठी माणसं कुठे आहेत हे विचारलं. यातलं काहीही झालं की खेळ थांबवायचा आणि घरच्यांना सांगायचं. समोरचा चांगला आहे की वाईट हे तिनं ठरवायचंच नाही. तो निवाडा करण्याचं ओझं तिच्या डोक्यावरून उतरलं की तिला सांगणंही सोपं जातं, कारण तिला मित्रावर आरोप करावा लागत नाही.

गुपिताबद्दल जरा थांबून बोलायला हवं. मुलांना गुपितं आवडतात आणि ‘आमच्या घरात गुपितं नसतात’ असा नियम टिकत नाही, कारण आपणच वाढदिवसाची भेट लपवतो. मुलांना पटणारा फरक हा आहे: ज्या गोष्टीची तारीख ठरलेली असते आणि उघड झाल्यावर सगळ्यांना आनंद होतो, ती गंमत. जी कधीच कुणाला सांगायची नसते आणि मनात ठेवून जड वाटतं, ती सांगून टाकायची. पाच वर्षांच्या मुलालाही हे कळतं. उदाहरणं देऊन त्यालाच विचारा, ही गंमत की सांगायची गोष्ट? मुलं हा खेळ आवडीनं खेळतात आणि मधेच स्वतःचं एखादं उदाहरण घालतात. ते नीट ऐका.

हे सगळं एकदा बसवून सांगायचं नसतं. भाषण मुलं ऐकतात आणि सोडून देतात. पण “समज, असं झालं तर तू काय करशील?” हा प्रश्न गाडीत, जेवताना, केस विंचरताना विचारता येतो. “समज, गेममध्ये कुणी म्हणालं की मी तुझ्याच शाळेत आहे, तुझा वर्ग कोणता? तर?” उत्तर चुकलं तरी हसू नका, “आणि मग काय होईल?” असं पुढे न्या. कधी तुम्ही तो लाघवी खेळाडू व्हा आणि तिला नाही म्हणायचा सराव करू द्या. तोंडानं म्हटलेलं वाक्य ऐन वेळी आठवतं. “मला विचारावं लागेल” हे वाक्य मी मुद्दाम शिकवते, कारण ‘नाही’ म्हणायला संकोचणारं मूलही हे म्हणू शकतं.

पाच वर्षांच्या मुलाचं शिक्षण यापेक्षा पुष्कळ साधं आहे, आणि त्याच्या सुरक्षिततेचा मोठा भाग त्याला शिकवण्यात नसून तुमच्या बसण्याच्या जागेत आहे. या वयात चॅट असलेला कोणताही गेम त्याच्या हातात नको, आणि टॅब तुमच्या नजरेच्या टप्प्यातच असावा. त्याला एकच कृती पक्की शिकवा: काहीही भीतिदायक किंवा विचित्र दिसलं की टॅब उलटा ठेवायचा आणि हाक मारायची. बटणं शोधायची नाहीत, बंद करायचा प्रयत्न करायचा नाही. घाबरलेल्या मुलाला बटण सापडत नाही, पण उलटं ठेवणं जमतं. चारदोन वेळा खेळ म्हणून करून घ्या. आणि तो हाक मारेल तेव्हा खरंच उठून जा. कारण किरकोळ असलं तरी जा, कारण तो हाकेला ओ मिळते का हेही शिकत असतो.

त्याच्या बाबतीत दुसरी काळजी व्हिडिओंची. ओळखीचं कार्टून दिसतंय म्हणून व्हिडिओ मुलांचाच असेल असं समजू नका. २०१७ साली यूट्यूबवर लाडक्या कार्टून पात्रांना घेऊन बनवलेले हिंसक आणि किळसवाणे व्हिडिओ मोठ्या संख्येनं सापडले होते. ‘एल्सागेट’ या नावानं तो प्रकार ओळखला जातो. त्यांतले काही मुलांसाठीच्या ॲपमध्येही शिरले होते. नंतर पुष्कळ काढले गेले, पण धडा कायम आहे: धोका मूल निवडतं त्या पहिल्या व्हिडिओत क्वचित असतो, तो आपोआप सुरू होणाऱ्या पुढच्या कुठल्या तरी व्हिडिओत असतो. म्हणून ऑटोप्ले बंद करा. यूट्यूब किड्समध्ये शोध बंद करून फक्त पालकांनी निवडलेलं दाखवायची सोय आहे, या वयाला तीच वापरा. लहान मुलाला एकाच ॲपमध्ये ठेवायचं असेल तर आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस आणि अँड्रॉइडवर स्क्रीन पिनिंग असतं. जाहिरातींचं म्हणाल, तर सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना समोरचा आपल्याला काहीतरी विकू पाहतोय हे नीट उमगत नाही. त्यामुळे खरेदीला पासवर्ड लावून ठेवणं हे तुमचंच काम, त्याला समज देऊन भागणार नाही.

पुन्हा मुलीकडे येऊ. ‘वैयक्तिक माहिती कुणाला देऊ नको’ हे वाक्य मोठ्यांचं आहे. आठ वर्षांच्या मुलीला पत्ता सांगायचा नाही हे कळतं, पण शाळेच्या गणवेशातला फोटो म्हणजेच पत्ता, हे कळत नाही. यासाठी मी मुलांना गुप्तहेर बनवते. घरातलाच एखादा फोटो घ्या आणि विचारा, हा फोटो ज्याच्या हाती पडेल त्याला आपल्याबद्दल काय काय कळेल? शाळेचा बिल्ला, दारावरची पाटी, खिडकीतून दिसणारी इमारत, गाडीचा क्रमांक, शर्टावर लिहिलेलं नाव. मुलं आपल्यापेक्षा जास्त शोधून काढतात आणि एकदा ही नजर आली की जात नाही. मग गेममधल्या टोपणनावाकडे वळा. नाव आणि जन्मसाल जोडून केलेलं टोपणनाव नाव आणि वय दोन्ही सांगून टाकतं. फोनमधल्या फोटोत काढल्याची जागाही नोंदलेली असू शकते, ती कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये तुम्ही बंद करा. पासवर्ड आई-बाबांना माहीत, मैत्रिणीला नाही, एवढं या वयाला पुरे.

इथेच आपल्याकडेही पाहावं लागतं. मुलीचा फोटो कुठेही टाकण्याआधी तुम्ही तिला विचारता का? नसाल तर आजपासून विचारा, आणि ती नको म्हणाली तर टाकू नका. नातेवाइकांच्या गटावरसुद्धा नाही. मुलांच्या फोटोवर मोठ्यांचा हक्क आहे असं आपण धरून चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनं २०२१ साली डिजिटल जगातल्या मुलांच्या हक्कांवर स्वतंत्र भाष्य प्रसिद्ध केलं. त्यात मुलांच्या खासगीपणाला जपायची गरज सांगताना कुटुंबीयांनी माहिती टाकण्याचाही उल्लेख आहे. पण मला यातलं कायद्यापेक्षा सवयीचं अंग महत्त्वाचं वाटतं. जिचा नकार घरात मानला जातो, त्या मुलीला बाहेर नकार देता येतो. रोज न विचारता जिचे फोटो फिरतात, तिला ‘तुझा फोटो कुणालाही देऊ नको’ हे सांगून काही पटत नाही.

शरीराबद्दलचं बोलणं इथे टाळता येत नाही. खासगी भागांचा फोटो कुणी काढायचा नाही, कुणाला पाठवायचा नाही, कुणी आपला दाखवला तर बघत बसायचं नाही आणि लगेच सांगायचं. हे पाच वर्षांच्या मुलालाही साध्या, सरळ शब्दांत सांगता येतं, अवयवांची नावं न लाजता घेऊन. ब्रिटनमधली इंटरनेट वॉच फाउंडेशन ही संस्था बाललैंगिक शोषणाची चित्रं शोधून हटवण्याचं काम करते. फसवून किंवा दबाव टाकून मुलाकडूनच कॅमेऱ्यापुढे काढून घेतलेल्या चित्रांत ७ ते १० वर्षांची मुलं झपाट्यानं वाढत असल्याचं तिनं २०२३ साली सांगितलं. अशी पुष्कळशी चित्रं मुलांच्या स्वतःच्या घरात, झोपायच्या खोलीत किंवा न्हाणीघरात घेतलेली असतात, म्हणजे आई-वडील शेजारच्या खोलीत असताना. म्हणून माझा आग्रह आहे की या वयात टॅब आणि फोन बंद दारामागे जाऊ नयेत आणि रात्री मुलांच्या खोलीत राहू नयेत. हा नियम सगळ्यांना लावा, मोठ्यांचेही फोन रात्री एकाच जागी ठेवा. तसं केलं की मुलं कुरकुर कमी करतात.

आता तुमच्या ॲपच्या प्रश्नाकडे. नियंत्रणाची साधनं जरूर वापरा. अँड्रॉइडवर फॅमिली लिंक आणि ॲपलवर स्क्रीन टाइम विनामूल्य आहेत. नवं ॲप तुमच्या परवानगीशिवाय उतरणार नाही, खरेदी होणार नाही, वेळ संपली की बंद होईल, इतकं ती नीट करतात. गेममधल्या माणसाचं गोड बोलणं मात्र ती ओळखत नाहीत. त्यामुळे ॲप बसवून आपण मोकळे झालो असं होत नाही. आणि जे काही बसवाल ते मुलीला दाखवून बसवा. लपून तिचं बोलणं वाचलंत आणि तिला ते कळलं, तर विश्वास कायमचा जातो. मग तिची बारा-तेराव्या वर्षांची सगळी वाटचाल तुमच्या पाठीमागे होईल.

प्रत्येक गेमचं सेटिंग स्वतः उघडून पाहा, कारण मुलांच्या हिताचं सेटिंग आधीपासून चालू असेलच असं नाही. फोर्टनाइट हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं मुलांच्या खासगीपणाचा कायदा मोडल्याचा आरोप ठेवला होता. आवाजी आणि लेखी संभाषण लहान मुलांसाठीही मुळातच सुरू ठेवलं होतं, ही त्यातली एक तक्रार होती. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीनं त्याबद्दल २७.५ कोटी डॉलर दंड भरायचं मान्य केलं. म्हणजे गेम बसवल्यावरची पहिली दहा मिनिटं आपली: चॅट कुणाशी, फ्रेंड रिक्वेस्ट कुणाकडून, खरेदी कशी. आणि खातं उघडताना जन्मतारीख खरी घाला. पुष्कळ पालक प्रवेश मिळावा म्हणून वय वाढवून लिहितात. मग ॲप त्या मुलीला मोठी समजतं आणि मुलांसाठी असलेली सगळी कुंपणं गळून पडतात.

बऱ्याच ॲपवर दिसणारी १३ वर्षांची अट मुलांच्या समजेवरून ठरलेली नाही, हेही लक्षात असू द्या. ती मुख्यतः १९९८ च्या अमेरिकी कायद्यातून आली. १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करता येत नाही, असं तो कायदा सांगतो. भारताच्या २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्यात ही रेषा १८ वर आहे, आणि ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून समाजमाध्यमांवरच्या खात्यांसाठी १६ वर्षांची अट लागू केली. एखादं ॲप तेरावं सरताच सुरक्षित होतं असं यांपैकी कुणीही म्हणत नाही. तुमची मुलगी कशाला तयार आहे हे तिच्या वागण्यावरून तुम्हीच ठरवायचं.

भीतीबद्दल तुम्ही विचारलंत, त्यावर एक उदाहरण देते. २०१८-१९ मध्ये ‘मोमो चॅलेंज’ नावाची सूचना जगभर फिरली: बटबटीत डोळ्यांचा एक चेहरा व्हिडिओंमध्ये मधेच येतो आणि मुलांना स्वतःला इजा करायला सांगतो, अशी. तो चेहरा प्रत्यक्षात एका जपानी शिल्पाचा होता, आणि अशा आव्हानानं मुलांना इजा झाल्याचा पुरावा मिळाला नाही, असं ब्रिटनमधल्या बालकल्याण संस्थांनी सांगितलं. पण तोवर काळजीपोटी पालकांनी आणि शाळांनीच ते चित्र मुलांपर्यंत पोहोचवलं होतं. चित्रासकट आलेली धोक्याची सूचना पुढे पाठवू नका आणि मुलांना दाखवू नका. “अलीकडे काही विचित्र ऐकलंस का?” एवढं विचारलं तरी त्यांनी जे ऐकलं असेल ते कळतं.

दुसऱ्यांच्या घरी काय, हा प्रश्न पालकांना फार छळतो. नको ते चित्र मुलांनी पहिल्यांदा कुठे पाहिलं, याची माझ्याकडे आलेली उत्तरं पुष्कळदा भावंडाच्या किंवा मित्राच्या फोनपाशी संपतात. मुलीला सांगून ठेवा की अशा वेळी “मला नाही बघायचं” म्हणून उठायचं, आणि पाहिलं गेलं तरी ते तिचं पाप नाही. त्या घरच्या पालकांशी सरळ बोला: “तुमच्याकडे मुलं टॅब कुठे बसून वापरतात?” यात कुणाला राग यायचं कारण नाही. आणि आपलं मूलही दुसऱ्याला दुखवू शकतं, गेममधून कुणाला मिळून बाहेर काढू शकतं, हेही डोळ्यांआड करू नका. स्क्रीनपलीकडे रडणारं मूल दिसत नाही, म्हणून ते बोलून दाखवावं लागतं.

बोलणाऱ्या एआय चॅटबॉटबद्दल थोडंसं. लहान मुलं बऱ्याचदा त्याला माणूस समजतात, त्याला मनातलं सांगतात आणि त्याचं सगळं खरं मानतात. या वयात तो एकट्यानं वापरू देऊ नका, आणि हे यंत्र आहे, चुकतं, याला गुपितं सांगायची नाहीत, हे शेजारी बसून दाखवा. आता थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून कुणाच्याही आवाजाची नक्कल करता येते. म्हणून घरात एक सांकेतिक शब्द ठरवा. “आईनं पाठवलंय” असं फोनवर किंवा प्रत्यक्ष कुणी म्हटलं तर मुलानं तो शब्द विचारायचा. तो शब्द कुठेही टाइप करायचा नाही.

शेवटी, केव्हा सावध व्हायचं ते. मुलगी अचानक टॅब टाळू लागली किंवा उलट त्याला चिकटून बसली, कुणी जवळ आलं की स्क्रीन झाकू लागली, झोप बिघडली, गादी ओली होऊ लागली, तुम्ही न दिलेली नाणी किंवा भेटी गेममध्ये दिसू लागल्या, वयाला न शोभणारे शब्द तोंडी आले, तर शांतपणे जवळ बसा आणि विचारा. यातली एखादी खूण दुसऱ्याच कारणानं असू शकते, पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर वाट पाहू नका, मुलांची हेल्पलाइन किंवा समुपदेशक गाठा. मुलाचं नग्न चित्र कुणाकडे गेलं असेल तर ते पुरावा म्हणूनही कुणाला पाठवू नका, बहुतेक देशांत तसं पाठवणं हाच गुन्हा आहे. खात्याचं नाव, दुवा आणि वेळ लिहून पोलिसांकडे जा. अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्सप्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा १८ वर्षांखालच्या मुलांच्या चित्रांसाठी आहे आणि ती इतर देशांतूनही वापरता येते. चित्र तुमच्या फोनमध्येच राहतं, त्यापासून तयार झालेली एक आकडी खूण तेवढी जाते, आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून ते चित्र शोधून हटवू शकतात. आणि तक्रारीच्या धावपळीत मुलीला तीच हकिगत दहा जणांपुढे सांगायला लावू नका. तिनं पहिल्यांदा सांगितलं ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा आणि शक्य तिथे पुढे तो कागद दाखवा.